बीजोत्सर्गाची गोळी आणि तिची मुदत

पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून रोज एक, अशा पाच दिवसांच्या पाच गोळ्या हातात पडल्या म्हणजे, जिने दोन-तीन वर्षे अपत्याची वाट पाहिली आहे अशा स्त्रीच्या मनात त्या लहानशा पाकिटाविषयी जी श्रद्धा उत्पन्न होते, ती मी स्वतः अनुभवलेली आहे. आणि त्या श्रद्धेपायी महिन्यांमागून महिने कसे वाया जातात, हेही मी अनुभवलेले आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मला क्लोमिफीनच्या गोळ्या सुरू करण्यात आल्या, दर महिन्याला चिठ्ठीवर तोच मजकूर पुन्हा उतरवण्यात आला, आणि त्या आठ महिन्यांच्या अवधीत माझ्या पतीची एखादी तपासणी करून घ्यावी असे ना डॉक्टरांना सुचले, ना आमच्या घरात कोणाला, ना मला. नवव्या महिन्यात दुसऱ्या शहरातील एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी माझी फाईल उघडण्यापूर्वीच विचारले, "यजमानांचा रिपोर्ट कुठे आहे?" तो रिपोर्ट आठवड्याभरात हाती आला, तेव्हा उलगडा झाला की माझे बीज महिन्याच्या महिन्याला नेमाने बाहेर पडत होते, परंतु त्याला गाठू शकतील इतके शुक्रजंतूच यजमानांच्या वीर्यात नव्हते. गोळी आपले काम चोख बजावीत होती. जे काम तिचे नव्हतेच, त्याची वाट आम्ही पाहत बसलो होतो.

ज्या दांपत्यांना अशा गोळ्या सुरू झाल्या आहेत किंवा लवकरच सुरू होणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे, आणि त्यात मला मुख्यत्वे एवढेच सांगावयाचे आहे की औषध घेण्यापूर्वी त्याचे काम कोणते हे नक्की समजून घ्यावे, आणि ते काम करण्यासाठी त्याला मुदत नेमून द्यावी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेला ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टींचा योग आवश्यक मानला आहे. ही उपमा शेताची आहे, आणि शेतीशी ज्यांचा थोडाबहुत संबंध आहे त्यांना ती लगेच उमगेल : वाफसा असावा, जमीन नीट असावी, पाणी असावे आणि बियाणे सकस असावे, यांपैकी एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ऋतू म्हणजे बीज बाहेर पडण्याचा नेमका काळ, क्षेत्र म्हणजे गर्भाशय आणि गर्भनलिका, अंबू म्हणजे शरीराचे पोषण आणि संप्रेरकांचा मेळ, आणि बीज म्हणजे स्त्रीचे तसेच पुरुषाचेही. बीजोत्सर्गाची गोळी यांपैकी फक्त ऋतू जुळवून आणते आणि स्त्रीच्या बाजूचे बीज परिपक्व करून मोकळे करते. उरलेला कारभार तिच्या अखत्यारीबाहेरचा आहे.

म्हणून पहिली गोळी गिळण्यापूर्वी उरलेल्या कारभाराची तपासणी व्हावयास हवी. स्त्रीचे वय पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्षभर नियमित संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही म्हणजे, आणि पस्तिशी ओलांडलेली असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनी मिळून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. पाळी दोन-दोन महिने येतच नसेल, तर एवढीही वाट पाहण्याचे कारण नाही. दोघांनी मिळून, हे शब्द मी हेतुपुरस्सर लिहिते आहे. पुरुषाची वीर्यतपासणी ही सर्व तपासण्यांत स्वस्त, वेदनारहित आणि अल्पावधीची आहे, आणि मूल न होणाऱ्या दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत कारणाचा काही ना काही अंश पुरुषाच्या बाजूला असतो, असे असूनही आपल्याकडे स्त्रीच्या रक्ताच्या दहा तपासण्या, एक्स-रे आणि कधीकधी दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा होऊन जाते, आणि यजमान मात्र "मला काय झालंय?" असे म्हणत बाहेरच्या बाकड्यावर वर्तमानपत्र वाचीत बसलेले असतात. ही तपासणी दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर करावयाची असते; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निर्देशांप्रमाणे दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरली जाते, परंतु केवळ संख्येवर निकाल लागत नाही, त्यांची हालचाल आणि घडणही पाहावी लागते, आणि पहिला रिपोर्ट कमी आला तर काही आठवड्यांनी तो पुन्हा करून पाहिल्याखेरीज त्याच्यावर शिक्कामोर्तब करू नये. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा तंबाखू, गुटखा, सिगारेट किंवा दारू आज सोडली तर त्याचा गुण तीन महिन्यांनी दिसतो; आणि अलीकडे शरीरसौष्ठवासाठी व्यायामशाळांतून जी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने बिनदिक्कत घेतली जातात, त्यांनी शुक्रजंतूंची निर्मिती अगदी थंडावू शकते, ही गोष्ट तरुण मुलांच्या आयांनाही ठाऊक असावी असे मला वाटते.

क्षेत्राची तपासणी म्हणजे गर्भाशयाची सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहणारा एक्स-रे, ज्याला दवाखान्यातून एचएसजी म्हणतात. पाळी थांबल्यानंतर आणि बीज बाहेर पडण्यापूर्वीच्या चार-सहा दिवसांत तो करतात. पोटात कळ येते, पण ती थोड्या वेळात ओसरते. आपल्या देशात या तपासणीला विशेष महत्त्व आहे, कारण क्षयाचा रोग केवळ फुप्फुसांतच वस्ती करतो असे नाही. गर्भनलिकांमध्ये आणि गर्भाशयाच्या अस्तरात तो वर्षानुवर्षे निमूटपणे घर करून राहतो, खोकला नाही, ताप नाही, कधी पाळीचा स्राव तेवढा कमी झालेला असतो, आणि एवढ्यावरून कोणाला संशय येत नाही. दोन्ही नलिका बुजलेल्या असताना बीज बाहेर पाडण्याच्या गोळ्या घेणे म्हणजे दोन्हीकडचा पूल वाहून गेलेला असताना गाडीची वेळ साधण्यासारखे आहे. घरात कोणाला पूर्वी क्षय झाला असेल, किंवा स्वतःला लहानपणी औषधे घ्यावी लागली असतील, तर ती हकीकत डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन सांगावी.

अंबूच्या खात्यात थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि रक्तातील साखर यांच्या तपासण्या येतात. थायरॉईडची गडबड असेल तर ती आधी दुरुस्त करावी लागते, आणि प्रोलॅक्टिन वाढलेले असेल तर त्यावरच्या औषधानेच पुष्कळदा पाळी आणि बीजोत्सर्ग मार्गावर येतात, बीजाच्या गोळीची गरजच राहत नाही. रूबेला ऊर्फ जर्मन गोवराची लस घेतलेली नसेल तर ती आता घ्यावी आणि नंतर एक महिना थांबावे. आणि फॉलिक ॲसिडची गोळी, रोज निदान ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून सुरू असावी, कारण गर्भाचा पाठीचा कणा आणि मेंदू यांचा पाया ज्या आठवड्यांत घातला जातो त्या आठवड्यांत पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत याचा पत्ताही नसतो. ज्यांना पीसीओएस आहे, म्हणजे अंडाशयांत पुष्कळ लहान पुटके असूनही एकही पुरते पिकत नाही, आणि वजन वाढलेले आहे, त्यांनी वजनाचा पाच ते दहा टक्के भाग उतरवला तर कित्येकींची पाळी औषधावाचून सुधारते. येथे एक गोष्ट आपल्या घरांतील चालीरीतींविषयी सांगावीशी वाटते : श्रावणातले सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या आणि नवरात्र असे लागोपाठ उपवास साबुदाण्याच्या खिचडीवर आणि बटाट्यावर काढणे हे या विकारात पथ्याच्या अगदी उलट आहे. व्रत सोडा असे मी म्हणणार नाही. भगर, राजगिरा, शिंगाडा, दही, दाणे आणि फळे यांवर ते पाळता येते.

आता गोळीविषयी. क्लोमिफीन हे द्रव्य १९५६ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे तयार झाले, १९६१ साली त्याच्या साहाय्याने बीजोत्सर्ग घडवून आणल्याची पहिली माहिती रॉबर्ट ग्रीनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, आणि १९६७ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. म्हणजे हे औषध आपल्या आज्यांच्या काळापासून वापरात आहे, काल-परवाचा प्रयोग नव्हे. त्याची युक्ती मोठी विलक्षण आहे. अंडाशयात बीज वाढू लागले की इस्ट्रोजेन स्रवते, आणि त्याची वर्दी मेंदूतील नियंत्रक केंद्राला पोहोचते. क्लोमिफीन तेथील दारावरच ठाण मांडून बसते, वर्दी आत जाऊ देत नाही, आणि इस्ट्रोजेन कमी पडले आहे अशा समजुतीने मेंदू पीयूषिका ग्रंथीला अधिक जोराने काम करण्याचा हुकूम सोडतो. त्या वाढीव हुकमाने अंडाशयातील एक, क्वचित दोन बीजपुटके वाढीस लागतात. परंतु हे द्रव्य शरीरात बरेच दिवस रेंगाळते, आणि गर्भाशयाच्या अस्तरावर व ग्रीवेच्या स्रावावरही इस्ट्रोजेनचा अंमल थोडा कमी करते, त्यामुळे बीज उत्तम बाहेर पडूनही काहींचे अस्तर पातळ राहते. सामान्यतः ५० मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस देतात. बीज तयार झाले नाही तर पुढच्या पाळीला १०० आणि कधी १५० पर्यंत जातात, पण ज्या मात्रेने बीज व्यवस्थित बाहेर पडले ती मात्रा, त्या महिन्यात गर्भ राहिला नाही एवढ्याच कारणाने वाढवावयाची नसते. चुकीची समजूत सर्वांत जास्त येथेच आढळते. "या वेळी जरा स्ट्राँग द्या" अशी विनंती करणाऱ्या स्त्रिया मी प्रतीक्षागृहांत पुष्कळ पाहिल्या आहेत.

दुसरी गोळी लेट्रोझोल. ही मूळची स्तनाच्या कर्करोगावरची, आणि म्हणूनच औषधाच्या दुकानात पाकीट देताना एखादा नवखा विक्रेता "ही कॅन्सरची गोळी कोणासाठी?" असे विचारून बसतो, पाकिटातल्या कागदावरही तोच मजकूर असतो, आणि ती रात्र त्या घरात कोणाला झोप लागत नाही. तेव्हा खुलासा असा की ही गोळी इस्ट्रोजेनची निर्मिती तात्पुरती कमी करते. हा गुण वयस्क स्त्रीच्या कर्करोगात जसा उपयोगी, तसाच तरुण स्त्रीमध्ये मेंदूकडून वाढीव हुकूम मिळवण्यासही उपयोगी. २००१ साली कॅनडातील मिटवाली आणि कॅस्पर या संशोधकांनी हा उपयोग पुढे मांडला. पुढे २००५ साली एका परिषदेत मांडलेल्या निबंधावरून तिच्यामुळे अर्भकांत व्यंगे होतात की काय अशी शंका निघाली. परंतु २००६ साली कॅनडातच ९११ नवजात बालकांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात क्लोमिफीनच्या मानाने व्यंगांचे प्रमाण अधिक आढळले नाही. आपल्या केंद्र सरकारने २०११ साली या कामासाठी तिचा वापर थांबवला होता, आणि काही वर्षांनी तो प्रतिबंध उठवला. म्हणून त्या मधल्या काळातल्या एखाद्या भगिनीने "ती तर बंद झालेली गोळी" असे सांगितले तर तिचे स्मरण खोटे नाही, ते जुने आहे इतकेच. २०१४ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर या दोन गोळ्यांची तुलना प्रसिद्ध झाली : पाच पाळ्यांपर्यंतच्या उपचारांत लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना अपत्य झाले, क्लोमिफीन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्क्यांना. म्हणूनच पीसीओएसमध्ये आज लेट्रोझोलला अग्रक्रम देतात. मात्र हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. उत्तम गोळीनेसुद्धा त्या अवधीत दहांपैकी सातजणींची ओटी रिकामी राहिली होती.

गोळी सुरू करण्यापूर्वी आलेली पाळी खरोखर पाळी आहे याची खात्री करावी. स्राव नेहमीपेक्षा फारच थोडा असेल, किंवा पाळी आलीच नसेल, तर आधी लघवीची गर्भतपासणी करावी, कारण गर्भ असताना या गोळ्या घ्यावयाच्या नसतात. अंडाशयात गाठ राहिलेली असेल, यकृताचा विकार असेल, किंवा अंगावरून जाणाऱ्या स्रावाचे कारण उलगडलेले नसेल, तरीही नाहीत. मग साधारण नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफीच्या फेऱ्या सुरू होतात, ज्यांना दवाखान्यात फॉलिक्युलर स्टडी म्हणतात. पुटक दिवसाला साधारण दोन मिलिमीटर वाढते; ते १८ ते २० मिलिमीटरच्या घरात आले आणि अस्तरही पुरेसे जाड झाले, म्हणजे पुष्कळदा एचसीजीचे इंजेक्शन देतात, आणि त्यानंतर सुमारे ३६ तासांनी बीज बाहेर पडते. बाहेर पडलेले बीज जेमतेम एक दिवस टिकते, शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, म्हणून नेमक्या एका रात्रीवर सारी भिस्त ठेवण्यापेक्षा त्या आधीच्या चार-पाच दिवसांत एक दिवसाआड संबंध ठेवणे अधिक फलदायी, आणि मनालाही कमी जाचक. घड्याळ लावून आणि डॉक्टरांच्या हुकमाने जवळ येण्याचा जो ताण पतिपत्नींवर पडतो, त्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. अनेक पुरुषांना नेमक्या त्याच रात्री असमर्थता जाणवते, आणि ती त्यांच्या पौरुषाची नव्हे, त्या घड्याळाची करणी असते. तिचा बोभाटा न करता डॉक्टरांना सांगावे. वीर्य स्वच्छ करून गर्भाशयात सोडण्याचा, म्हणजे आययूआयचा, मार्ग अशा वेळी उपलब्ध असतो. किट आणून घरी बीजोत्सर्ग ओळखावयाचा असेल, तर क्लोमिफीनची शेवटची गोळी घेतल्यावर निदान तीन दिवस जाऊ द्यावेत, नाहीतर किट खोटा होकार देते. आणि पीसीओएसमध्ये तर त्याच्यावर फारसे विसंबूच नये.

दोन अडचणी मी आपल्याकडे वारंवार पाहते. नोकरीनिमित्त यजमान मुंबईला किंवा पुण्याला, किंवा आखातात, आणि पत्नी गावी सासूसासऱ्यांपाशी, अशी संसाराची मांडणी असेल, तर शनिवार-रविवारच्या फेरीत हा काळ साधेलच असे नाही. ज्या महिन्यात यजमानांना त्या आठवड्यात रजा मिळणे शक्य नाही, त्या महिन्यात गोळी न घेणे बरे, कारण असा महिना औषधाच्या मुदतीत फुकट मोजला जातो. दुसरी अडचण पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची. गौरीगणपती आले, घरी सत्यनारायण आहे, दिराचे लग्न आहे, की जाऊबाई हळूच एक पाकीट हातात ठेवतात. उपचार चालू असताना ते पाकीट घेतले तर पाळीची सारी गणना कोलमडते, आणि बीज बाहेर पडून गेले असेल तर कदाचित आत रुजू लागलेल्या गर्भाच्या काळातच ते पोटात जाते. सोवळ्याओवळ्याविषयी ज्याची त्याची श्रद्धा असो. परंतु उपचाराच्या महिन्यांत ही गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

त्रास कोणते होतील, हे आधी माहीत असले म्हणजे भय कमी होते. क्लोमिफीनने एकाएकी अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते, चिडचिड होते, रडू येते. आपला स्वभाव बिघडला असे समजून स्त्रिया स्वतःला दोष देत बसतात, तेव्हा घरच्यांनीही हे जाणून घ्यावे की ते पाच-सात दिवस औषधाचे असतात. लेट्रोझोलने थकवा आणि चक्कर अधिक. डोळ्यांपुढे ठिपके, प्रकाशाच्या रेघा किंवा धूसरपणा आला तर पुढची गोळी घेऊ नये, वाहन चालवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. जुळ्यांचा संभव क्लोमिफीनमध्ये शंभरात सात-आठ इतका असतो, लेट्रोझोलमध्ये त्याहून कमी. "एका खर्चात दोन" असे म्हणून आनंदणाऱ्या आप्तांना माझे सांगणे आहे की जुळ्यांच्या गर्भारपणात मातेचा रक्तदाब, अकाली प्रसूती आणि कमी वजनाची बालके हे धोके पुष्कळ वाढतात. म्हणूनच सोनोग्राफीत तीन किंवा अधिक मोठी पुटके दिसली, आणि डॉक्टरांनी त्या महिन्यात संबंध टाळावयास सांगितले, तर तो सल्ला कितीही कष्टदायक वाटला तरी पाळावा.

गोळ्यांनी बीज तयार झाले नाही तर गोनॅडोट्रोपिनची इंजेक्शने येतात. त्यांचा इतिहास मला नेहमी हृद्य वाटत आला आहे : ज्यांची पाळी कायमची गेली आहे अशा स्त्रियांच्या मूत्रात हे संप्रेरक विपुल असते, आणि इटलीतील मठांत राहणाऱ्या वृद्ध ख्रिस्ती जोगिणींनी दिलेल्या मूत्रातून ते प्रथम मोठ्या प्रमाणावर काढण्यात आले, ब्रुनो लुनेनफेल्ड यांच्या उपचाराने त्यापासूनचे पहिले बालक १९६२ साली इस्रायलमध्ये जन्मले. ज्यांनी संसाराचा मार्ग सोडला होता, त्यांच्या ह्या दानातून इतरांचे पाळणे हलले. या इंजेक्शनांची ताकद मोठी, आणि म्हणून जोखीमही मोठी. अंडाशय वाजवीपेक्षा अधिक उत्तेजित झाले तर पोट फुगते, लघवी कमी होते, वजन दिवसागणिक किलोभर वाढते, धाप लागते. ही लक्षणे दिसली तर रात्र असो वा सण, रुग्णालयात जावे.

आता मुदत. निरोगी तरुण दांपत्यातही एका महिन्यात गर्भ राहण्याचा संभव शंभरात वीस-पंचवीस इतकाच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिल्या महिन्याच्या निराशेला तिचे योग्य माप मिळते. बीज बाहेर पडत असेल, तर तीन ते सहा पाळ्यांपर्यंत त्याच गोळीला अवसर द्यावा. तीन पाळ्यांत वाढत्या मात्रेनेही बीज तयार होत नसेल, तर गोळी बदलण्याचा विचार त्याच वेळी व्हावा. आणि सहा पाळ्यांत बीज नेमाने बाहेर पडूनही गर्भ राहिला नसेल, तर सातव्या चिठ्ठीसाठी हात पुढे न करता सर्व कागदपत्रांसह बसून डॉक्टरांना विचारावे की पुढची पायरी कोणती. स्त्रीचे वय सदतीस-अडतीस असेल, तर ही मुदत आणखी आखूड करावी लागते, कारण वय हेच एक असे आहे की जे कोणत्याही गोळीने मागे नेता येत नाही. पुढच्या पायरीवर, म्हणजे आययूआय किंवा टेस्ट ट्यूबच्या उपचारांकडे, जाण्याची वेळ आली तर ते केंद्र २०२१ च्या कायद्यान्वये नोंदलेले आहे की नाही हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बालिका जन्मली, आणि ते महानगरपालिकेचे सार्वजनिक रुग्णालय आहे, हे आवर्जून सांगते. कारण आजही प्राथमिक तपासण्या, गोळ्या आणि सोनोग्राफी यांसाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या स्त्रीरोग विभागांत जाण्यात कोणताही कमीपणा नाही. गोळ्या स्वस्त असतात. खर्च होतो तो सोनोग्राफीच्या फेऱ्यांत, इंजेक्शनांत आणि बुडलेल्या मजुरीत, आणि त्याचा अंदाज पहिल्याच भेटीत लेखी मागून घ्यावा.

एक शंभर पानी वही करावी. पाळीची तारीख, गोळीचे नाव आणि मात्रा, प्रत्येक सोनोग्राफीतील पुटकाचे आणि अस्तराचे माप, इंजेक्शनची तारीख व वेळ, झालेला त्रास, दिलेले पैसे, असा तपशील तीत उतरवावा. माझ्याजवळ अशी वही असती तर दर महिन्याला एकच मजकूर चालला आहे हे मला चौथ्या महिन्यात दिसले असते. एचसीजीचे इंजेक्शन घेतलेले असेल, तर पुढचे दोन आठवडे लघवीची गर्भतपासणी करू नये, हेही तिच्यात ठळक लिहून ठेवावे, कारण इंजेक्शनमधले द्रव्यच पट्टीवर दुसरी रेघ उमटवते, आणि त्या खोट्या रेघेवरून घरात पेढे वाटले गेल्याचे मी पाहिले आहे. खरी रेघ उमटली, तर सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयातच आहे ना आणि एकच आहे ना, हे पाहून घ्यावे. त्याआधी ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ, स्राव किंवा भोवळ आली तर गर्भ नलिकेत अडकल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

मुलगाच होईल असे सांगून औषध देणाऱ्याच्या दारात मात्र पाऊल टाकू नये, मग तो वैद्य असो, बाबा असो वा पदवीधारक. गर्भलिंगपरीक्षेविरुद्धचा कायदा भारतात प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि केंद्राने १९९४ साली. जे निदान करणे गुन्हा आहे, त्याचे आमिष दाखवून ज्या पुड्या विकल्या जातात त्यांत काय असते याची हमी कोणीच देत नाही, आणि उपचारांच्या गोळ्यांबरोबर त्या पोटात गेल्या तर बालकाला अपाय होण्याची भीती आहे. आयुर्वेदीय औषधे नोंदलेल्या वैद्याकडून घेत असाल, तर तीही दोन्हीकडे मोकळेपणाने सांगावीत.

राहता राहिले घर. पाळी आली त्या दिवशी स्त्रीला रडू द्यावे, आणि तिला स्वयंपाकघरात तोंड लपवून रडावे लागू नये इतकी व्यवस्था यजमानांनी करावी. जावेच्या डोहाळजेवणाला किंवा नणंदेच्या बाळाच्या बारशाला जाण्याची तिची इच्छा नसेल, तर तिला न जाण्याची मुभा असावी, आणि त्याचे कारण तिला कोणाला द्यावे लागू नये. कोणाला किती सांगावयाचे हे दोघांनी आधी ठरवावे, आणि विचारणाऱ्याला उत्तर देण्याचे काम पत्नीकडे सोपवू नये. आमच्या घरी ते काम माझ्या सासूबाईंनी आपण होऊन पत्करले होते. त्या आठ महिन्यांनंतरच्या संक्रांतीला, रिपोर्टात आढळलेल्या दोषासाठी यजमानांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असताना, हळदीकुंकवाला आलेल्या एका वयोवृद्ध शेजारणीने माझ्याकडे पाहून सर्वांसमक्ष विचारले, "काय गं, अजून काही नाही का?" मी हातातले ताट खाली ठेवण्यापूर्वीच सासूबाई मध्ये आल्या, त्यांनी त्या बाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "उपचार चालू आहेत, दोघांचेही. बसा, चहा आणते."